ताईच्या गाडीची थरथर

सोमवार, ३ जून

थरथरतेय म्हणे. बस्स, एवढाच निरोप! कधी, कशी, कुठे, काही नाही. ताईने लुपेला सांगितलं, लुपेने मला. गाडी माझ्या गॅरेजच्या शेडसमोर आडवी लावली, माझ्या झाडाच्या दोन पपया तोडल्या आणि भाचीबाई चालू लागल्या. मी म्हटलं, "अगं, विचारून तरी घ्यावं." तर म्हणते, "मामाला विचारायचं असतं होय?" नसतंच म्हणा. बहिणीच्या लेकीने मामाच्या घरातलं काहीही उचलावं आणि मामाने हसावं, हीच रीत. माझा रेडिओ दोन वर्षं तिच्याकडे आहे.

गाडी सुरू करून पाहिली. आहे खरी थरथर. स्टिअरिंग धरलं की तळहाताला कळते. चौदा वर्षांची जपानी गाडी, पांढरी, लहानशी. मागच्या वर्षी बोटीतून उतरवली तेव्हा मीच तपासली होती, मीच म्हणालो होतो की घ्या. किल्ली फिरवली की आतली बाई जपानीत काहीतरी बजावते. काय बजावते ते आमच्या बेटावर, नेइआफूत आजवर कुणालाही कळलेलं नाही.

लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल. ताई रोज सकाळी बालवाडीची चार पोरं ह्या गाडीतून नेते. चर्चपासून धक्क्यापर्यंतचा तो उतार! मध्येच इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जड, ब्रेक जड, आणि खाली समुद्र.

नाही गेलं डोक्यातून.

मंगळवार, ४ जून

सुट्टी. गाव पोहायला गेलं, मी बॉनेटमध्ये.

जुनी रीत वापरली. इंजिन चालू ठेवायचं आणि प्लगला ठिणगी देणारी एकेक कॉइल सोडवायची. चांगल्या सिलिंडरची सोडवली की इंजिन अडखळतं. पहिली — अडखळलं. दुसरी — अडखळलं. तिसरी — काहीच फरक नाही! म्हणजे तिसरा आधीपासूनच झोपलेला, बाकीचे तिघे त्याचं ओझं ओढतायत. शेडमागच्या भंगारात तसलीच गाडी आहे, तिची कॉइल लावली. चारही प्लग बदलले. मग इंजिनच्या झाकणावर पाण्याने भरलेला पेला ठेवला. पाणी जरासुद्धा हललं नाही.

"तो माझा चांगला पेला आहे," पिसिला म्हणाली. लग्नाला तीस वर्षं झाली, कामाचं कौतुक म्हणून हे असं!

ताईकडे गाडी पोचली. आज जेवण गोड लागलं.

गुरुवार, ६ जून

लुपे पोस्टातून सुटली ती थेट शेडमध्ये. "मामा, आई म्हणते, अजून आहे."

"काय अजून आहे?"

"थरथर. कान साफ करून देऊ का तुझे?"

रागच आला. तिच्यादेखत गाडी चालवली, चर्चपर्यंत वर, धक्क्यापर्यंत खाली. लांब पेचकस इंजिनला टेकवून मूठ कानाला लावली, एकेक भाग ऐकला. छान चाललंय. लुपे बाजूला पपई खात उभी. "तुला जाणवतंय का काही?" विचारलं. म्हणाली, "मला नाही. पण मी कुठे आई आहे?"

आता मेख अशी, की जिला जाणवतं तिच्या शेजारी बसून बघितलं तर पाच मिनिटांचं काम. पण ताईच्या शेजारी मी बसायचं? मी अठ्ठावन्न, ती एकसष्ट. मी नऊ वर्षांचा झालो तेव्हा माझं अंथरूण आजोबांच्या झोपडीत हलवलं. तेव्हापासून एका छपराखाली झोपलो नाही, एका ताटात जेवलो नाही, एका गाडीत बसलो नाही. चर्चच्या दारात समोर आली तर मी बाजूला होतो. बोलायचं ते मध्ये कुणीतरी असताना, दोन वाक्यं. अलीकडची पोरं ही भावा-बहिणीची मर्यादा पाळत नाहीत. आम्ही पाळतो. ताई मोठी, तिचा मान मोठा, ह्यात मला कधी जाच वाटला नाही. आज पहिल्यांदा वाटला.

ट्रकवाल्या माकाचीही आठवण आली दिवसभर. आठ वर्षं झाली. ट्रकच्या पुढून आवाज येतो म्हणाला होता. मी एक चक्कर मारली आणि "काही नाही रे" म्हटलं. तिसऱ्या दिवशी चाक निखळलं. माका अजून लंगडतो. आणि अजून दर महिन्याला मला रताळी आणून देतो! शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शनिवार, ८ जून

सापडलं!

संशय होताच, म्हणून गुरुवारीच राजधानीत फोन करून माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ती रबरी बैठक, मागवलं होतं. आज बोटीने आलं. खात्री करायला पिसिलाला स्टिअरिंगवर बसवली, ब्रेक घट्ट दाबून गिअर टाक म्हटलं. "आणि गाडी तुमच्यावर आली तर?" म्हणाली. "तर तू सुटलीस." तिने डोळे मिटले आणि टाकला गिअर. इंजिन चांगलं दोन बोटं उचललं गेलं. उजवीकडच्या माउंटिंगचं रबर आतून फाटलेलं, वरून पत्ता नाही. उभ्या गाडीत गिअर पडला की इंजिनची सगळी धडधड त्या फटीतून गाडीच्या अंगात जाणार. अगदी बरोबर बसतंय.

नवं घातलं. आता हात बॉनेटवर ठेवला तर इंजिन चालू आहे की बंद ते मलाच कळेना.

पिसिलाने अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवली होती. दोनदा घेतली.

रविवार, ९ जून

रविवारी कुणी कामाला हात लावायचा नाही, इथला कायदाच आहे. लावला तर पोलीस येतात, त्यांच्या आधी पिसिला येते.

चर्चबाहेर गाडी आली ती बाकावर बसल्या-बसल्या ऐकली. काय सुरेख आवाज! ताई पुढच्या ओळीत जाऊन बसली, चर्चला गुंडाळतात तशी कमरेला आईची जुनी चटई. जरा दमलेली वाटली. विणकामाला बसते तास-तास, मांडी घालून, उठत म्हणून नाही. प्रवचन कशावर होतं ते पिसिलाने दुपारी विचारलं. सांगता आलं नाही.

मंगळवार, ११ जून

अजून आहे म्हणे.

बुधवार, १२ जून

हात टेकायची पाळी आली, पण टेकणार नाही. लुपेच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही, ती निम्मं विसरते आणि निम्मं स्वतःच्या मनाचं घालते. म्हणून कागद लिहिला. ताईने उत्तरं द्यायची, लुपेने फक्त आणायची.

गाडी उभी असताना होते का? चालताना? वेगाबरोबर वाढते का? दिवसात केव्हा जास्त? पाचवा प्रश्न सगळ्यात कामाचा. शिकाऊ मेकॅनिकलासुद्धा ठाऊक असतो. कुठे जाणवते — स्टिअरिंगला, सीटला की पायाला? स्टिअरिंगला म्हणजे पुढची चाकं. सीटला म्हणजे मागची. पायाला म्हणजे इंजिन नाहीतर पेडल.

लिहिला आणि बघत बसलो. ताईची सीट. ताईचा पाय. हे मी लिहिणार आणि तिच्याच पोरीच्या हाती पाठवणार? कान तापले. ते दोन्ही शब्द खोडले, वाचता येऊ नयेत असे खोडले. 'स्टिअरिंगला जाणवते का' एवढंच ठेवलं.

शुक्रवार, १४ जून

उत्तरं आली. उभी असताना — हो. चालताना — हो. वेगाबरोबर — नाही, सारखीच. केव्हा जास्त — संध्याकाळी. स्टिअरिंगला — नाही.

खाली लुपेच्या अक्षरात एक ओळ: "आई म्हणते, किल्ली काढली तरी थांबत नाही."

ही ओळ मी वीस वेळा वाचली. किल्ली काढल्यावर इंजिन धडपडत राहायचं ते जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांत. हिच्यात शक्यच नाही, पेट्रोलच तुटतं! मग? पंखा? गरम इंजिनवर पंखा किल्ली काढल्यावरही फिरत राहतो काही गाड्यांत. संध्याकाळी जास्त, म्हणजे गरम झाल्यावर जास्त. बसतंय. पंख्याचं पातं कुठे तुटलं असेल, तोल गेला असेल. काढला पंखा. पाती शाबूत. बेअरिंग नव्यासारखं. तरी भंगारातला बदली घातला. करणार काय!

लुपेला खोदून विचारलं, "आणखी काही म्हणाली का ती?"

"म्हणाली. पण ते मामाला सांगायचं नसतं."

"गाडीबद्दल?"

"गाडीत बसल्यावरचं." आणि जीभ चावून गप्प! एरवी मला तोंडावर म्हातारा बोकड म्हणणारी पोर, पण आईचा विषय निघाला की आमच्या आजीपेक्षा सोवळी. मीही पुढे विचारलं नाही. बायकांचं काहीतरी असेल.

सोमवार, १७ जून

गाडी ठोकली.

पोरं ठीक आहेत. हे आधी लिहितो. पोरं ठीक आहेत. एकाचा ओठ फुटला, बाकी नुसती भोकाड पसरून रडत होती. ताईला काही नाही. उतार सुरू व्हायच्या आधी, चर्चच्या वळणावर गाडी सरळ कुंपणात गेली. कुंपण नसतं तर — नको.

लुपे धावत आली, आज चेष्टा नाही, मस्करी नाही. "आई म्हणते, ब्रेक दाबला होता. गाडी थांबायच्या ऐवजी पुढेच गेली."

ब्रेक दाबून गाडी पुढे जाते ती एकाच कारणाने: रेस अडकली. म्हणजे इतके दिवस मी थरथरीच्या मागे धावतोय आणि खरा आजार थ्रॉटलमध्ये, रेसच्या झडपेत! दोन आठवडे गाडी माझ्याकडे येतेय-जातेय आणि मी ते बघितलंच नाही. माकानंतर शपथ घेतली होती, 'काही नाही' म्हणायचं नाही. ह्या वेळी म्हटलं नाही, तरी झालंच.

मंगळवार, १८ जून

पहाटेपासून गाडीत उलटा. डोकं पेडलपाशी, पाय बाहेर. पेडलवरचं पॅनल काढलं, रेसची केबल पूर्ण ओढून घेतली, धुतली, तेल घालून परत ओवली. लोण्यासारखी चालते. थ्रॉटलचं झाकण साफ केलं. ते अडकलेलं नव्हतंच. स्प्रिंग तरी बदलली. ब्रेकचं तेल बदललं. पेडलं शंभर वेळा दाबली.

तिथे पडून राहणं मला अवघड गेलं. ताई अनवाणी चालवते, सगळेच चालवतात म्हणा. पेडलखालच्या चटईवर तिच्या टाचेचे दोन खळगे पडलेत. मी मान वळवून काम करत होतो, अर्धं हातानेच चाचपत.

मी निरोप पाठवला होता की गाडी आठवडाभर माझ्याकडे राहू दे, पोरं मी सोडतो. दुपारी उलट निरोप: ताई म्हणते, चारला गाडी हवी. संपलं! बहिणीने हवी म्हटलं की भावाने 'पण' म्हणायचं नसतं. चारच्या ठोक्याला लुपे दारात किल्लीसाठी उभी. "चल ना मामा, चल ना!" घाईघाईत पॅनल बसवलं, दिली किल्ली.

दोष सापडलेला नाही. दोष न सापडता गाडी दिली. असं मी आयुष्यात केलेलं नाही.

गुरुवार, २० जून

रोज सकाळी पाव आणायच्या निमित्ताने उताराच्या वळणावर जाऊन उभा राहतो. हातात दोन मोठे दगड. गाडी घरंगळलीच तर चाकाखाली टाकायचे. धावत्या गाडीच्या चाकाखाली दगड! मेकॅनिक म्हणवतो स्वतःला. पण हात मोकळे ठेवून उभं राहवत नाही.

ताई आली. माझ्याकडे पाहिलं नाही, पाहणारच नाही. गाडी मात्र एकदम सावकाश केली. पोरांनी मागच्या काचेतून मला जिभा दाखवल्या.

पाव रोज आणतोय, म्हणून पिसिलाला संशय आलाय. आमच्या घरी पाव कुणी खात नाही.

शनिवार, २२ जून

लुपे ऑकलंडला गेली. नोकरी, निदान सहा महिने. जाताना माझा चांगला टॉर्च घेऊन गेली. निघताना गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, "मामा, आईकडे बघ."

म्हटलं, "कसा बघू? बघायचंच तर नाही!"

ती हसली नाही.

घरी येऊन बसलो तेव्हा लक्षात आलं. पोर कितीही अर्धवट निरोप आणत असो, आणत तरी होती. आता मध्ये कुणीच नाही.

रविवार, २३ जून

चर्चच्या पायरीवर ताईची एक चप्पल मागेच राहिली. ती तशीच आत गेली, एका पायात चप्पल, एक पाय मोकळा, तिला पत्ताच नाही. बायका हसल्या, कुणीतरी चप्पल नेऊन दिली. तीही हसली. मी नजर फिरवली, पाहण्यासारखं नव्हतं ते.

वय होतंय आमचं.

मंगळवार, २५ जून

पिसिलाला गळ घातली. तू जा, तू विचार, नीट विचार, कुठे जाणवतं ते विचार.

"मी? तुमच्या बहिणीला?" तिने कपाळाला हात लावला. "मागच्या वेळी गेले तर चटईची कड वाकडी म्हणून तिने मला सगळी उसवायला लावली. गाडीचं काय विचारू? मला पुढचं-मागचं कळत नाही."

तरी गेली बिचारी. दोन तासांनी परत आली ती बोटं चोळत. कड विणून दिली, चहा प्याली, गाडीचं नाव काढायची हिंमत झाली नाही. एवढंच म्हणाली, "वन्संची तब्येत मला ठीक दिसत नाही. पाणी किती पितात!" मी म्हटलं, मी गाडीचं विचारायला पाठवलं होतं, पाण्याचं नाही. आवाज चढला माझा. ती उठून गेली. माझंच चुकलं.

ह्या गावात मी चौघांच्या गाड्या नुसत्या कानाने दुरुस्त केल्यात. आणि एका गाडीपायी धड जेवण नाही की काही नाही. नाक्यावर कुठलाही हॉर्न वाजला की जीव टांगणीला लागतो.

गुरुवार, २७ जून

आज गेलो.

आंघोळ केली, कमरेला चटई गुंडाळली, चर्चला जातात तसा गेलो. ताई अंगणात होती. मी गाडीकडे तोंड करून उभा राहिलो, ती फणसाकडे. शेजारच्या म्हातारीची कोंबडी मध्ये होती, तिलाच उद्देशून मी म्हणालो, "कुणी गाडी चालवून दाखवली आणि कुणी मागे बसून ऐकलं, तर काम होईल." कोंबडी काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने गाडीचं मागचं दार उघडल्याचा आवाज आला. ताईनेच उघडलं होतं. स्वतः पुढे जाऊन बसली.

एकोणपन्नास वर्षांत पहिल्यांदा. मी मागे, डाव्या कोपऱ्यात, अंग चोरून. रस्त्यात माका दिसला, त्याची रताळ्यांची टोपली हातातून सुटली.

चर्चपर्यंत वर गेलो. हात गाडीच्या तळाला लावला, दाराला लावला, तिच्या सीटच्या मागे काचेपाशी लावला. काही नाही. उभी केली, गिअर टाकलेला ठेवला. काही नाही. अशी गाडी मी स्वतःसाठीसुद्धा केलेली नाही! मी रडायच्या बेतात आलो. दोष असता तर बरं झालं असतं.

वळणावर, त्या मोडक्या कुंपणापाशी तिने गाडी थांबवली. किल्ली फिरवली, काढली. सगळं गप्प. खाली कुणीतरी कापडासाठी झाडाची साल कुटत होतं तेवढाच आवाज.

"आता बघ," ताई म्हणाली. समोरच्या काचेकडे बघत, पण मला म्हणाली. मध्ये कुणीच नव्हतं. "चालूच आहे."

"काय चालू आहे?" मीही बोलून गेलो.

"थरथर. तळपायापासून वर पोटरीपर्यंत. पहिल्या दिवसापासून लुपेला हेच सांगतेय, की गाडीत बसलं की माझे पाय थरथरतात. आधी वाटलं, गाडीचंच. आता चुलीपाशी बसले तरी होतं. आणि मध्येमध्ये काहीच कळत नाही, पेडल आहे की नाही तेसुद्धा."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. ताईच्या तोंडून, माझ्यासमोर, पाय! लाज वाटली आणि त्याच क्षणी दुसरं काहीतरी वाटलं, लाजेपेक्षा फार मोठं. आमच्या वडिलांना आधी मुंग्याच यायच्या. बसून-बसून येतात म्हणायचे. साखर निघाली तेव्हा एक बोट गेलं, मग पाऊल, मग गुडघ्याखालचं सगळं. शेवटची तीन वर्षं ते दारात बसून असायचे. लुपेने पाय गाळले आणि मी कागदावरून खोडले. राहिली गाडी!

"गाडीचं नसेल तर तसं सांग, पेनी," ती म्हणाली. "मग मी तुला त्रास देणार नाही."

उतरलो, पुढचं दार उघडलं, हात पुढे केला. तिने किल्ली माझ्या तळहातावर टाकली आणि मागे जाऊन बसली. उतार मी उतरवला. उद्या सकाळी पिसिला तिला दवाखान्यात नेणार आहे, सगळं ठरवलंय. भीती वाटतेय, फार वाटतेय. पण निदान कळलं तरी. वेळेत कळलं असावं.

शुक्रवार, २८ जून

साखर इतकी, की यंत्राने आकडाच दाखवला नाही. पण डॉक्टर त्याच्याआधी तिच्या उजव्या टाचेपाशीच थांबले म्हणे. टाच काळीनिळी, आत पू. त्यातून निघालेली वस्तू पिसिलाने रुमालात बांधून आणली.

स्क्रू. काळा, आखूड, चपट्या डोक्याचा. पेडलवरच्या पॅनलचा. त्या मंगळवारी चार काढले होते, लावताना तीनच सापडले. पॅनल तिघांवर घट्ट बसलं, लुपे दारात होती, मी चौथा शोधला नाही. इथेही लिहिलं नव्हतं. दहा दिवस ती त्याच्यावर चालतेय आणि तिला कळलेलं नाही.

सोमवारी ठरवणार आहेत, काय कापायचं, नुसती टाच की पाय.

ताई म्हणाली, चर्चच्या अंगणात लागला असेल. पिसिला 'हो' म्हणाली, तिला काय माहीत! हा निरोप कुणाच्या हाती पाठवता येणार नाही. उद्या मीच जाणार, तिच्यासमोर बसणार, आणि सांगणार.